चार सिलिंडर उतरलं, सहा सिलिंडर बसलं!

आज आपल्या टाटा ७०९ ट्रकमध्ये कमिन्सचं ६बीटी इंजिन बसलं एकदाचं. जुनं इंजिन वाईट नव्हतं, पण खंबाटकी घाटात माल भरून चढताना गाडी पार दमायची, मागे गाड्यांची रांग लागायची, जीव तुटायचा बघून. हे ५.९ लिटरचं, सहा सिलिंडर, दीड हजार आरपीएमच्या आसपासच मस्त ओढ देतं.

लोकांना वाटतं चेनकुप्पीला (जड वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीला) इंजिन लटकवून आत सोडलं की झालं, पण खरं काम पुढंच असतं. इंजिन लांब म्हणून रेडिएटर पुढं सरकवला, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते) नवीन केलं, इंजिनचंच वजन चारशे किलोच्या वर त्यामुळे पुढचे स्प्रिंगचे पाटे वाढवले, आणि क्लच, गिअरबॉक्स त्याच ताकदीचे घेतले, नाहीतर पहिला मार गिअरबॉक्सला, मग मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटला, मग मागच्या अॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरला.

संध्याकाळी मिस्त्रींनी इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल केला, मी सेल्फ मारत होतो, आधी नुसता फेस, मग हवा निघून डिझेल सलग यायला लागलं तसा त्यांनी नट आवळला आणि इंजिननं असा आवाज दिला की शेजारचे टायरवाले काका पण धावत आले!

आरटीओची परवानगी आधीच काढलीय, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ती लागतेच, आरसीवर इंजिन नंबर बदलायचा राहिलाय. आणि भावांनो, इंजिन मोठं झालं म्हणून पासिंगपेक्षा (आरटीओनं मंजूर केलेल्या वजनापेक्षा) जास्त माल भरायचा नाही, ब्रेक आणि चॅसी तीच आहे. उद्या ब्रेक लायनर बघून मगच घाटात ट्रायल.