दोन व्हेंडर आहेत म्हणून निवांत बसू नका

मी रबाळे एमआयडीसीत मशीन बनवणाऱ्या कंपनीत परचेस बघतो आणि मला आता पक्कं वाटतं की मशीन वेळेत जाणार की अडकणार हे आमच्या टेबलावर ठरतच नाही, ते डिझाइनवाल्याच्या स्क्रीनवर ठरतं. आमच्याकडे बीओएम, म्हणजे मशीनला लागणाऱ्या पार्टची यादी, येते तोवर उशीर झालेला असतो.

6205 बेअरिंग घ्या. बोर 25 मिमी, बाहेरचा व्यास 52, रुंदी 15. मेक कुठलाही असू दे, बसणारच, कारण ही मापं जगभर ठरलेली आहेत. एक मेक नाही मिळाला तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात फोन लावायचा, दुसरा मिळतो. आता त्याच मशीनचा सर्वो ड्राइव्ह बघा, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. प्रत्येक मेकची बसवायची होलं वेगळी, कनेक्टर वेगळे, एन्कोडर (मोटर किती फिरली ते सांगणारा सेन्सर) वेगळा, पॅरामीटर वेगळे, म्हणजे एकदा पॅनेल (मशीनचं इलेक्ट्रिकल कपाट) एका मेकवर डिझाइन झालं की तुम्ही त्या कंपनीच्या लीड टाइमला, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतच्या वेळेला, बांधले गेलात. 2021 मध्ये चिपची टंचाई झाली तेव्हा हेच झालं, मशीन उभं, पेंट झालेलं, कस्टमर रोज फोन करतोय आणि घोडं पेंड खातंय कुठे, तर ड्राइव्हवर.

एकाच सप्लायरवर अवलंबून राहिलं की काय होतं त्याचं जुनं उदाहरण बघा. 1 फेब्रुवारी 1997 ला टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या जपानमधल्या कारिया प्लांटला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह (मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब आवरणारा छोटा पार्ट) जवळजवळ सगळा तिथेच बनायचा आणि स्टॉक जेमतेम काही तासांचा, त्यामुळे टोयोटाचे जपानमधले बहुतेक प्लांट थांबले. तरी आठवडाभरात काम बऱ्यापैकी रुळावर आलं, कारण ड्रॉइंग भराभर बाकीच्या सप्लायर्सना गेली आणि ज्यांनी हा पार्ट कधी बनवलाच नव्हता त्यांनी, अगदी शिलाई मशीनवाल्या ब्रदरने सुद्धा, तो बनवून दिला. मला ही गोष्ट फार आवडते. पण तो मशीनिंगचा पार्ट होता म्हणून जमलं, चिप काही शेजारच्या वर्कशॉपमध्ये बनत नाही.

जहाजांचा उशीर त्यामानाने सोपा. 2023 च्या शेवटापासून लाल समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, युरोपचा माल न्हावा शेवाला उशिरा यायला लागला, पण थोडा जास्त स्टॉक ठेवला की ते निभावतं.

खरी गोची खालच्या थरात आहे. 4 एप्रिल 2025 ला चीनने सात रेअर अर्थ धातूंवर एक्स्पोर्ट लायसन्स लावलं, त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम पण आहेत, मोटरचा मॅग्नेट तापला तरी ताकद सोडू नये म्हणून हेच घालतात. तुमच्याकडे एक जपानी आणि एक जर्मन मोटर अप्रूव्ह असेल, पण दोघांचा मॅग्नेट तिथूनच येत असेल तर दुसरा व्हेंडर नुसता कागदावर.

म्हणून आता पॅनेल डिझाइन होतानाच आम्ही जाऊन बसतो. माउंटिंग प्लेटवर दोन्ही ड्राइव्हची होलं मारायची, जागा मोठ्याच्या मापाने सोडायची, आणि दुसरा मेक एकदा तरी मशीनवर खरोखर चालवायचा, नुसती डेटाशीट जुळली म्हणून अप्रूव्ह नाही. प्रोग्रामिंगवाल्यांचा वेळ जातो, फायनान्सवाले कुरकुरतात, मी त्यांना डिस्पॅचविना उभ्या मशीनमध्ये अडकलेला पैसा दाखवतो. आणि मोटरवाल्यांना मी आता सरळ विचारतो की मॅग्नेट कुठून घेता. काही सांगतात, काही विषय बदलतात. जो सांगतो त्याचा रेट थोडा चढा असला तरी ऑर्डर आधी त्याला.