हतनूरच्या फुगवट्याकाठी, लपणातला एक दिवस

गवतावरून खालून उडत शिकार करणाऱ्या भोवत्या या पक्ष्याचा मनासारखा फोटो मिळावा म्हणून दोन हिवाळे मी मोटारीतून बांधाबांधाने हिंडलो. हाती लागले ते पाठमोरे पक्षी. यंदा डिसेंबरात भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्याजवळ, ओळखीच्या काकांच्या पडीत रानात कापडी लपण, म्हणजे आत लपून बसायचा छोटा तंबू, लावलं आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो.

लपण चार दिवस आधीच उभं केलं होतं. काकांनी त्याला चहूबाजूंनी पऱ्हाटी टेकवून दिली, त्यामुळे कापड वाऱ्यावर फडफडलं नाही. पावणेसहाला आम्ही दोघं आत शिरलो आणि काका एकटेच परत निघाले. "पाखरायले मोजता येत नही," म्हणाले. दोघं आले, एक गेला, म्हणजे रान मोकळं झालं. ही युक्ती नक्की वापरा.

सातच्या सुमारास ऊन आलं तेव्हा समोरच्या बाभळीवर कापशी घार बसलेली होती. पांढरी छाती, काळे खांदे आणि भिंगातून अगदी लालभडक दिसणारे डोळे. खाली काळी जमीन असली की कॅमेरा फसतो आणि पांढरी पिसं जळतात. एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप कमी ठेवा, म्हणजे फोटो थोडा गडद घ्या.

पाऊण तासाने तो आला. माँटेग्यूचा भोवत्या, राखाडी नर, गुडघाभर गवताला जवळजवळ घासत. पंख वर उचललेले, मान खाली. एकदम शेपटी पसरून तो जागच्या जागी वळला, पाय सोडले आणि गवतात पडला. उठला तेव्हा पंजात नाकतोडा होता. माझ्यापासून वीसेक पावलांवरून गेला. घुबडासारखा गोल चेहरा एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिला. या चेहऱ्यामुळेच त्याला गवतातली खसखस ऐकू येते. पंखावरची काळी पट्टी आणि पोटावरच्या तांबूस रेघा दिसल्या की माँटेग्यूचा समजा. पांढुरक्या भोवत्याच्या नरावर या दोन्ही नसतात. माद्यांच्या बाबतीत मात्र फोटो घरी नेऊन शांतपणे पाहावेत. शटरचा वेग एक हजार सहाशेच्या (सेकंदाचा एक हजार सहाशेवा भाग) खाली उतरू देऊ नका.

साडेदहानंतर काळ्या रानावर हवा थरथरू लागते, मग कितीही भारी लेन्स असो, फोटो मऊच येतो. ती वेळ जेवणाची. आदल्या रात्री बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, ठेचलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. डबा स्टीलचा आणू नका, झाकणाचा आवाज दूरवर जातो. भाकरी फडक्यात बांधा. पाणी भरपूर घ्या, लघवीसाठी रिकामी बाटलीही. मध्येच बाहेर पडलात की सकाळची मेहनत वाया.

तीनला ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, पाण्यावर घिरट्या घालू लागला. त्याने सूर मारला त्याच क्षणी माझी लेन्स खिडकीच्या कापडात अडकली. मासा पुढे तोंड करून धरलेला, पाणी निथळत होतं, आणि माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. खिडकी लेन्सच्या दुप्पट रुंद कापा आणि आतून जाळी लावा.

काकांच्या रानात मागे कोणीतरी फोटोसाठी आमिष म्हणून कोंबडीचं पिल्लू बांधायची परवानगी मागितली होती. त्यांनी हाकलून दिलं, आणि मला त्यांचं पटतं. आमिषावर उतरलेल्या पक्ष्याची शिकार करण्याची रीतच फोटोत राहत नाही.

येणाऱ्यांनी भुसावळला मुक्काम करावा. शेतमालकाला आधी विचारा. यावल अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते.

सूर्य टेकला तसे चारही बाजूंनी भोवते पलीकडच्या गवताकडे येऊ लागले. ते रात्र जमिनीवरच काढतात; पावलांनी उठले तर अंधारात पुन्हा जागा शोधत भटकतात. म्हणून मी लेन्स आत घेतली आणि काका येईपर्यंत हललो नाही. ते आले तेव्हा बॅटरीचा झोत त्यांच्याच पायांवर होता.