'रुग्णाशी नाते' हा रकाना

गेल्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा अतिदक्षता विभागाच्या दाराशी परिचारिकेने संमतिपत्र माझ्यापुढे धरले. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'मुलगी' असे लिहिले आणि सही केली. पेन मध्येच अडल्यामुळे ती दोनदा गिरवावी लागली. श्वासासाठी घशात नळी घातलेली आईला चालली असती का, हे आम्हा भावंडांपैकी कोणीच तिला कधी विचारले नव्हते.

पुढे कायदा वाचू लागले तेव्हा त्यातली विसंगती मला अस्वस्थ करत राहिली. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानुसार माणसाला आपला प्रतिनिधी आधीच लेखी नेमता येतो, पण ती सोय मानसिक आजारापुरतीच आहे. कोमात असलेल्या नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बायकोची सही चालते. मात्र त्याच खर्चासाठी त्याच्या एकट्याच्या नावावरील खात्यातून पैसे काढायचे, तर पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी तिला उच्च न्यायालयात जावे लागते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच खाटेवर होत्या. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांच्यासाठी दयामरण मागणाऱ्या याचिकाकर्तीचा नसून त्यांना इतकी वर्षे भरवणाऱ्या, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले. रक्ताच्या नात्यापेक्षा सेवेला दिलेले हे वजन मला फार मोलाचे वाटते.

याच न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे आपल्याला बोलता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. जीवरक्षक उपचार थांबवायचे की नाही, यावर रुग्णालयात आधी प्राथमिक आणि मग दुय्यम वैद्यकीय मंडळ मत देते. इच्छापत्र नसेल, तरीही नातेवाइकांच्या संमतीने हीच वाट धरावी लागते. फरक इतकाच की तेव्हा रुग्णाचे मन काय होते, याचा इतरांना अंदाज बांधावा लागतो.

मी माझे इच्छापत्र नोटरीकडे नेले. माझ्या वतीने निर्णय घेण्यासाठी त्यात नवऱ्याचे आणि धाकट्या भावाचे नाव घातले आहे. सही करण्याआधी दोघांना समोर बसवून त्यातील प्रत्येक ओळ वाचून दाखवली. श्वासासाठी घालायच्या नळीबद्दलच्या ओळीशी भावाने मला थांबवले आणि ती पुन्हा वाचायला सांगितली.