व्हीलचेअरवरून पॅप टेस्टपर्यंत : माझा अनुभव

“आमच्याकडे रॅम्प आहे, या तुम्ही.” दवाखान्यातून फोनवर हे ऐकलं की मी लगेच विचारते, तपासणीचं टेबल जमिनीपासून किती उंच आहे आणि ते खाली येतं का? रॅम्प मला दारापर्यंत नेतो, तपासणी टेबलावर व्हायची असते. उंची न बदलणारं टेबल साधारण ८० सेंमीचं, माझ्या खुर्चीची बैठक ५० सेंमीवर. मधल्या ३० सेंमीपायी कित्येक जणींची गर्भाशयमुखाची तपासणी (पॅप टेस्ट, म्हणजे तिथल्या पेशींचा नमुना घेऊन कर्करोगाची पूर्वचिन्हं बघणं) वर्षानुवर्षं राहून जाते.

माझ्या मज्जारज्जूला इजा आहे, आणि या तपासणीचं निम्मं काम फोनवरच उरकावं लागतं हे मला एव्हाना पक्कं कळलं आहे. “जमेल का?” असं विचारू नये, त्यावर “बघू, जमवू” एवढंच मिळतं. मी आकडे विचारते. टेबल ४५ ते ५० सेंमीपर्यंत उतरतं का? दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंमी आहे का? टेबलाच्या एका अंगाला खुर्ची लावायला ९० सेंमी जागा आहे का? होइस्ट (माणसाला उचलून टेबलावर ठेवणारं यंत्र) असेल, तर त्याचे पाय टेबलाखाली सरकतात का? हे शेवटचं कुणाच्या लक्षात येत नाही. टेबलाखाली बंद ड्रॉवर असतील तर होइस्ट आत शिरतच नाही, मग तो असून नसल्यासारखा. वेळ दुप्पट मागून घ्यायची, आणि धरायला दोन माणसं लागतील हेही तेव्हाच सांगायचं.

तारीख पाळीच्या दिवसांत नको. आधीचे दोन दिवस योनीमार्गात कुठलंही औषध किंवा क्रीम नको, नमुना बिघडतो. पोट आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी साफ करून घ्यायचं आणि मूत्राशय अगदी टेबलावर जाण्याआधी रिकामं करायचं. कायमचा कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर तो काढायची गरज नसते. फक्त पाय वर घेताना नळी मांडीखाली दुमडत नाही ना आणि पिशवी मूत्राशयापेक्षा खालीच आहे ना, हे एकीने बघत राहायचं.

टेबलावर जाताना घोळ घालतो तो त्यावर अंथरलेला कागद. ट्रान्सफर बोर्ड (खुर्चीवरून टेबलावर सरकायची गुळगुळीत फळी) त्यावर ठेवला की कागद गोळा होतो आणि बोर्ड सरकतो. कागद आधी काढायचा, नंतर पुन्हा घालायचा. खुर्चीचे ब्रेक लावायचे, खुर्चीचा टेबलाकडचा हात (आर्मरेस्ट) काढायचा, टेबल बैठकीच्या पातळीला आणायचं. काखेत हात घालून ओढू द्यायचं नाही. खांद्याला इजा होते आणि पाठीमागची कातडी घासली जाते. जिथे स्पर्श कळत नाही तिथली जखम दुखत नाही, थेट दिसते, तीही उशिरा.

टाचा अडकवायच्या टेबलाच्या नेहमीच्या रिकिबी मला निरुपयोगी आहेत. पायाला आचका आला की टाच सुटते. त्यापेक्षा गुडघ्याखाली आधार बरा, किंवा टाचा एकत्र आणून गुडघे दोन्ही बाजूंना सोडायचे, नाहीतर सरळ कुशीवर. रिकीब नसेल तर स्पेक्युलमची (योनीमार्ग उघडा धरायच्या उपकरणाची) मूठ वरच्या बाजूला ठेवली की काम होतं. मूठ खाली ठेवायला जागाच नसते. गार धातूने आचके वाढतात, म्हणून स्पेक्युलम कोमट पाण्यातून काढायला सांगते, आणि छोट्या मापाचा. आचका आला तर पाय जोराने दाबू नये. नुसता धरून ठेवायचा, तो आपोआप ओसरतो.

ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या, म्हणजे टी-६च्या, पातळीला किंवा वर आहे, त्यांनी पुढचं नीट वाचावं. इजेच्या खालच्या भागाला त्रास झाला की बीपी एकदम चढतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम फुटतो. गंमत अशी (गंमत कसली!) की माझं रोजचं बीपी ९०/६०च्या आसपास असतं. त्यामुळे १३०/८० दिसलं की सिस्टर म्हणतात, “छान आहे.” पण वरचा आकडा रोजच्यापेक्षा २० ते ४० ने चढला, तर तो धोक्याचा इशारा असतो. म्हणून नेहमीचं बीपी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचं. त्याखाली लेटेक्सची अ‍ॅलर्जी, असल्यास. जन्मतः मणक्याचा दोष असलेल्यांत ती बरीच आढळते. लक्षणं दिसली तर आधी स्पेक्युलम बाहेर, मग उठून बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे, कॅथेटरची नळी तपासायची आणि दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी. बीपी उतरलं नाही तर लगेच औषधोपचार. आडवं पाडून “शांत पडा” म्हणणं हा नेमका उलटा उपाय आहे.

एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीचा नमुना योनीतून स्वतःच घेता येतो, खुर्चीत किंवा पलंगावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या मार्गदर्शनात वयाच्या ३०पासून दर ५ ते १० वर्षांनी ही चाचणी सुचवली आहे आणि स्वतः घेतलेला नमुनाही मान्य केला आहे. ज्यांच्या हाताला पकड नाही त्यांना विश्वासातल्या व्यक्तीची मदत घेता येते. मात्र चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढची तपासणी टेबलावरच असते. तेव्हा नमुन्याची काडी हातात देऊन दवाखान्याने टेबलाची खरेदी पुढे ढकलू नये.

आणखी एक आडकाठी यंत्राची नसते. “यांना कशाला ही तपासणी?” हा प्रश्न बहुतेक वेळा सोबत आलेल्या व्यक्तीला विचारला जातो. अपंग बाईचे शरीरसंबंध नसतीलच असं गृहीत धरून तिला यादीतून वगळलं जातं. मी सोबतच्या व्यक्तीला पहिली पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगते. बोलणं मग माझ्याशीच करावं लागतं. बहिऱ्या बाईसाठी दुभाषी हवा तर तो घरचा नको. गर्भपात, स्राव, मारहाण यांबद्दल घरच्यांच्या हातवाऱ्यांतून कोण बोलणार?

घरी आल्यावर आरशात माकडहाड, नितंब आणि टाचा बघायच्या. दाबून धरूनही लाली जात नसेल तर त्या जागेवरचा भार तेव्हापासूनच काढायचा. निघण्यापूर्वी मी फाइलमध्ये एक ओळ लिहून घेते : “डावीकडून ट्रान्सफर, बोर्ड वापरला, टेबल ४८ सेंमी, गुडघ्याला आधार, छोटा स्पेक्युलम, वेळ ४० मिनिटं.” पुढच्या वेळी फोनवर तीच वाचून दाखवते.