हेलिकॉप्टरच्या मागावर: सुदुंबरे, जुहू, कुलाबा, नाशिक

माझ्या भाच्याला विमानांत काडीचा रस नाही. लोहगावची सुखोई विमानं छपरावरून गडगडत गेली तरी हा पुस्तकातून मान वर काढत नाही. पण लांबून नुसती फडफड ऐकू आली की भरल्या ताटावरून उठून गच्चीत पळतो. बारावीचा निकाल लागला तेव्हा त्याला विचारलं, बोल, काय हवं? मला वाटलं लॅपटॉप मागेल. म्हणाला, "आत्या, रेस्क्यूची हेलिकॉप्टरं जिथे असतात ती ठिकाणं दाखव. गाडीने जाऊ."

युरोपात लोक म्हणे असे दौरे काढतात. म्युनिकला १९७० साली 'क्रिस्टोफ १' हे पिवळं हेलिकॉप्टर जखमींकडे डॉक्टर घेऊन जाण्यासाठी ठेवलं गेलं आणि मग जर्मनीभर तशा तळांचं जाळं झालं. कुंपणापाशी उभं राहून फोटो काढायचे, वहीत नोंद करायची, पुढच्या तळाकडे निघायचं. आपल्याकडे कुंपणापाशी गेलं की आधी 'छायाचित्रण निषिद्ध' ही पाटी भेटते. म्हणून माझी अट अशी होती की कॅमेरा घरी राहील, फोन खिशात राहील, सार्वजनिक रस्त्यावरून दिसेल तेवढंच बघायचं आणि कुणी हटकलं तर हुज्जत घालायची नाही. वही न्यायला परवानगी दिली.

त्याच्या यादीत पहिलं नाव गडचिरोलीचं होतं. राज्यात पोलिसांना हेलिकॉप्टरची खरी गरज तिथेच: चकमकीतले जखमी जवान बाहेर काढायचे, निवडणुकीत कर्मचारी आणि मतदानयंत्रं जंगलातल्या केंद्रांवर पोचवायची. पण पुण्याहून गडचिरोली म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापणं. मी साफ नाही म्हणाले. मग सुदुंबरे, लोणावळा, जुहू, कुलाबा, कसारा घाटातून नाशिक आणि नाशिक-पुणे रस्त्याने परत, असा त्रिकोण ठरला. जून नुकताच लागला होता.

सुदुंबरे हे पुणेकरांना माहीत असतं ते संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे. देहूपासून जवळ, तळेगाव-चाकण रस्त्याच्या अलीकडे. तिथेच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन आहे. दल २००६ साली उभं राहिलं. बातम्यांत पुरात होडी वल्हवणारे नारिंगी कपड्यांतले जवान दिसतात ते हेच. आपल्या भागात आले असतील तर बहुतेक इथूनच निघालेले असतात. एका बटालियनमध्ये अठरा तुकड्या, प्रत्येकीत पंचेचाळीस जण. भाच्याला खात्री होती की आत निदान एक तरी हेलिकॉप्टर उभं असणार. फाटकावरच्या जवानाला त्याने सरळ विचारलंच. तो हसला आणि म्हणाला, "हेलिकॉप्टर? हमारा तो ट्रक है, बेटा."

भाचा तिथेच हिरमुसला. मला मात्र ते वाक्य लोणावळ्यापर्यंत पुरलं. दोर, रबरी होड्या, काँक्रीट कापायची यंत्रं, ढिगाऱ्याखालच्या माणसाचा वास घेणारी कुत्री, हे सगळं ट्रकमध्ये बसतं आणि ट्रक पावसातही निघतो. हेलिकॉप्टर लागलं तर ते मागवावं लागतं. जिल्हाधिकाऱ्यांकडून मागणी वर जाते आणि मग हवाई दल, नौदल किंवा तटरक्षक दल आपलं यंत्र देतं. ते उडणार की नाही, हे शेवटी ढग ठरवतात.

लोणावळ्यात ढग रस्त्यावरच उतरले होते. ड्यूक्स नोज दिसायचं नाव नाही, समोरच्या टेम्पोचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. अशा हवेत सह्याद्रीत कुणी कड्यावर अडकलं तर शिवदुर्ग मित्रसारखी स्थानिक मंडळी दोर घेऊन निघतात. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि तीस माणसं गेली. तेव्हाही महाबळेश्वर ट्रेकर्स आणि त्यांच्यासारखे गिर्यारोहक दोराने खाली उतरले होते. धुक्यातल्या दरीत पायलटला कडा कुठे संपतो हेच कळत नाही. बावधनला २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी धुक्यात उड्डाण केलेलं हेलिकॉप्टर काही मिनिटांतच कोसळलं आणि आतले तिघेही गेले. बावधन आमच्या घरापासून फार लांब नाही, त्यामुळे भाचा त्यावर काही बोलला नाही. आम्ही मगनलालची चिक्की घेतली आणि घाट उतरलो.

जुहूला त्याचा चेहरा उजळला. कुणी काही म्हणो, हौशी माणसाला मुंबईत हेलिकॉप्टर बघायला जुहू चौपाटीइतकी चांगली जागा नाही. विमानतळ रस्त्यापलीकडे, समुद्र समोर आणि यंत्रं डोक्यावरून. देशातला हा पहिला नागरी विमानतळ, १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. पुणेकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा टाटांचा सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलायचा. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तेव्हाही पाऊसच."

सकाळी एकापाठोपाठ एक यंत्रं समुद्राकडे जात होती. इथून पवन हंस आणि इतर कंपन्यांची हेलिकॉप्टरं ओएनजीसीची माणसं मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या फलाटांवर नेतात-आणतात. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर, खाली नुसतं पाणी. भाचा वहीत लिहीत होता आणि मला शिकवत होता. शेपटीत गोल भोक आणि त्याच्या आत पंखा असेल तर डॉफिन. पंखा उघडा, चाकं पोटात घेतलेली आणि अंग जरा थोराड असेल तर एडब्ल्यू-१३९. नाश्त्याच्या वेळेपर्यंत मलाही जमायला लागलं. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला आधी एक प्रशिक्षण घ्यावं लागतं. हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्टा बांधून बसवतात, सांगाडा पाण्यात सोडतात, उलटा करतात, आणि तशा उलट्या अवस्थेत पट्टा सोडवून खिडकीतून बाहेर यायचं. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि पंखे वरच्या बाजूला असतात, त्यामुळे पाण्यात पडलं की ते पालथं होतं. हे ऐकल्यावर कणसाची चव गेली माझी.

२६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली हे सगळ्यांना आठवतं. दुसऱ्या दिवशी समुद्रात जे झालं ते फारसं कुणाला आठवत नाही. 'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. एरवी हेलिकॉप्टर आलं असतं आणि त्याला घेऊन गेलं असतं. पण त्या हवेत हेलिकॉप्टरं बंद होती. म्हणून जहाज मुंबई हाय नॉर्थ या फलाटाजवळ आणलं आणि जखमीला क्रेनच्या पाळण्यातून वर चढवलं. त्यानंतर लाटांनी जहाज फलाटावर ढकललं, ते वायूच्या उभ्या नळांवर आदळलं आणि पेट घेतला. दोन तासांच्या आत अख्खा फलाट समुद्रात गेला. तिथे आणि आसपास मिळून ३८४ माणसं होती, त्यातली बावीस गेली. दोन बोटांना एक हेलिकॉप्टर मिळालं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. मी चौपाटीवर बसून हे सांगत असताना डोक्यावरून एक डॉफिन परत येत होतं आणि भाचा पहिल्यांदाच वर न बघता ऐकत होता.

"मग मे महिन्यातल्या वादळात कशी गेली हेलिकॉप्टरं?" त्याने विचारलं. तो विचारत होता ते तौक्तेबद्दल. १७ मे २०२१ ला पी-३०५ हा बार्ज, म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेलं सपाट जहाज, नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. वर २६१ जण होते. वादळाच्या ऐन जोरात रात्रभर पाण्यातून माणसं ओढून काढली ती आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकातासारख्या जहाजांनी. हवा जरा निवळल्यावर कुलाब्याच्या आयएनएस शिक्राहून नौदलाची हेलिकॉप्टरं गेली आणि शोध घेत राहिली. बार्जवरचे १८६ जण वाचले.

शिक्रा बघायला म्हणून जाण्यात अर्थ नाही. नौदलाचा तळ, आत सोडायचा प्रश्नच नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही नरिमन पॉइंटच्या टोकाला कठड्यावर बसलो. बॅक बेच्या पलीकडून अधूनमधून एखादं यंत्र उठतं, वळतं, समुद्राकडे जातं. बराच वेळ फक्त कावळे. मग एक सी किंग आलं. पाच पात्यांचा पंखा, आणि पोट होडीसारखं, कारण वेळ पडल्यास पाण्यावर उतरता यावं म्हणूनच ते तसं घडवलेलं आहे. भाचा उभा राहिला. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "कोण आलंय? पंतप्रधान?" मुंबईकराला शिक्रा त्याचसाठी माहीत.

संध्याकाळी कुलाब्यात नरिमन हाउसच्या गल्लीत जाऊन आलो. तिथे गेल्याशिवाय कळत नाही की २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी हवाई दलाच्या एमआय-१७ ने काय केलं. गल्ली इतकी अरुंद की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. त्या दाटीवर, गच्च्या आणि टाक्यांच्या वर, ते भलंमोठं यंत्र एका जागी थांबलं आणि एनएसजीचे कमांडो दोरावरून गच्चीवर उतरले. टीव्हीवर तेव्हा ते सोपं दिसलं होतं.

कसारा घाटाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कंटेनर होते. नाशिकला मात्र आम्ही रेंगाळलो.

नाशिक म्हटलं की लोकांना ओझर आठवतं, पण हेलिकॉप्टरवाल्यांचं नाशिक म्हणजे गांधीनगर. लष्कराचं उड्डाण दल १ नोव्हेंबर १९८६ ला वेगळं झालं. त्याआधी ही उड्डाणं तोफखान्याच्या अखत्यारीत होती, कारण तोफेचा गोळा कुठे पडला हे वरून सांगायला कुणीतरी लागायचं. तोफखान्याची शाळा शेजारच्या देवळालीत आणि वैमानिक घडवणारी शाळा २००३ पासून गांधीनगरला, हे त्यामुळे ओघानेच आलं. उपनगर भागातल्या लोकांना या आवाजाचं काहीच वाटत नाही. ज्या टपरीवर चहा घेतला तिथला मालक वरून जातंय ते हेलिकॉप्टर चिता की चेतक, हे न बघता सांगत होता. भाच्याने त्याच्यापुढे हार मानली.

चेतक आणि चिता या दोघींनाही तीनच पाती. चेतकच्या शेपटीला पत्रा असतो, चिताची शेपूट म्हणजे उघड्या नळ्यांची जाळी, बांधकाम अर्धवट सोडल्यासारखी. दिसायला कृश, पण सियाचीनला माणसं आणि रॉकेल पोचवलं ते हिनेच. मूळ फ्रेंच 'लामा'. १९७२ साली फ्रेंच वैमानिक ज्याँ बूले यांनी ती १२,४४२ मीटरवर नेली. तिथे इंजिन बंद पडलं आणि ते इंजिनाशिवाय खाली उतरले.

इंजिनाशिवाय उतरणं, ऑटोरोटेशन, हेच इथे शिकाऊ वैमानिकांना पुन्हा पुन्हा करायला लावतात. आम्ही उभे होतो तिथून एक चिता गोल घिरट्या घालत होती. मध्येच तिचा आवाज बदलला, पडल्यासारखी ती खाली यायला लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. भाचा शांत. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पळालं की वाऱ्याने फिरतं, तसं पडताना खालून येणाऱ्या हवेने पंखा फिरता राहतो. जमिनीजवळ नाक वर उचलायचं आणि त्या फिरण्यातली उरलेली ताकद एकदाच वापरून घ्यायची. ती संधी एकदाच मिळते. चिताने नाक उचललं, झाडांमागे गेली, आणि थोड्या वेळात पुन्हा वर आली. मग परत तेच. एवढ्यात मोटारसायकलवरून आलेल्या दोन जवानांनी आम्ही कोण, कुठले, हे विचारलं. आधारकार्ड बघितलं, वही चाळली. एकाने भाच्याच्या नोंदीतली एक चूक दुरुस्त करून दिली आणि "आता निघा" म्हणाला. निघालो.

परतीचा रस्ता सिन्नर, संगमनेर, नारायणगाव. मंचरला जेवायला थांबलो. घोडेगाव, डिंभ्याकडे जाणारा फाटा तिथून फुटतो, पुढे माळीण. ३० जुलै २०१४ ला पहाटे डोंगर गावावर आला. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला गेला तर गावाच्या जागी चिखल. दीडशेहून जास्त माणसं गेली. सुदुंबऱ्याचे ट्रक याच रस्त्याने गेले होते, चिखल आणि पाऊस तुडवत, आणि नंतरचे कितीतरी दिवस जेसीबी आणि फावडी चालली. भाचा म्हणाला, "फाटकावरचा माणूस बरोबर बोलला." मग त्याने आणखी एक भाकरी मागवली.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी. जुहूला सकाळी लवकर जा. दुपारी गर्दीच जास्त आणि रविवारी तर चौपाटीवर उभं राहायलाही जागा नसते. पाऊस जोरात असेल तर जाऊच नका, आवाज येईल पण दिसणार काही नाही. दुर्बीण तळाजवळ बाहेर काढू नका, चौपाटीवर चालते. नाशिकला गाडी मुख्य रस्त्यावरच लावा आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा तळ आहे, तो आम्ही दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवलाय. तोवर आंबा घाटातला रस्ता बरा झालेला असेल तर.