वगैरे

गेल्या आठवड्यात प्रांत ऑफिसात वनहक्काची सुनावणी झाली, तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय, म्हणून लिहितेय. मी रायगडात कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्काचे, दावे तयार करायचं काम करते. लोकांना वाटतं फॉर्म भरायचा, अंगठा घ्यायचा, झालं. पण निम्मं काम पायांचं असतं, म्हणजे गावाच्या वनहक्क समितीच्या माणसांबरोबर जीपीएस घेऊन प्लॉटची कड चालायची, प्रत्येक कोपऱ्यावर पॉइंट घ्यायचा, शेजाऱ्याची हद्द कुठे लागते ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, मग पंचनामा.

ही फाइल एका आजींची, उतारावरच्या दळीची. दळी म्हणजे इंग्रजांच्या काळात कातकरी-ठाकरांना नाचणी-वरी करायला जंगलखात्याने दिलेला तुकडा. दिला म्हणजे काय, तर पिढ्यानपिढ्या कसलेलं रान आधी कागदावर सरकारचं केलं आणि त्यातलाच तुकडा परत कसायला दिला. १९२७ च्या वन कायद्यात जंगल राखीव करताना हक्क सांगायला किमान तीन महिने मुदत आहे. डोंगरावर राब भाजणाऱ्या माणसाला कुठली कळतेय ती मुदत!

चार महिने चकरा मारून मी दळीच्या जुन्या नोंदीचं एक पान मिळवलं. तपकिरी पडलेलं, कडा झडलेल्या, सगळं मोडीत. एका रिटायर गुरुजींनी भिंग लावून वाचून दिलं. वाडीच्या नाईकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि पुढे 'वगैरे ६'. बाकीच्या सहांची नावं लिहायची कारकुनाला गरजच वाटली नाही. आजींचे आजेसासरे त्या सहातले. मला एवढा आनंद झाला की तेच पान फाइलीत सगळ्यात वर लावलं.

आणि सुनावणीत सगळा वेळ त्या पानावरच गेला. वनविभागाचे साहेब म्हणाले, "वगैरे म्हणजे कोण? हा काही पुरावा नाही." मग इंग्रजांनी जमीन दिली की घेतली, स्वतंत्र भारताचा कायदा त्या नोंदी मानायला बांधील आहे का, असा वाद पेटला. मीही तावातावाने बोलले की २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच ऐतिहासिक अन्याय झाल्याचं मान्य केलंय आणि तो फक्त इंग्रजांच्या काळातला नाही, स्वातंत्र्यानंतरचाही. मग त्यांनी सॅटेलाइटचा फोटो काढला, बघा २००५ मध्ये इथे झाडोरा दिसतोय. अहो दळी काही वर्षं कसून पडीक सोडतात, झाडोरा दिसणारच! शिवाय २०१२ च्या नियमदुरुस्तीत साफ लिहिलंय की असा फोटो पुराव्याला जोड म्हणून चालेल, पुराव्याच्या जागी नाही. साहेब वाईट नाहीत, पण इतकी वर्षं याच खात्यात काढून नियम वाचत नाहीत याचा मला खरंच राग येतो. शेवटी प्रांत मॅडमनी दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे पाठवला.

बाहेर आल्यावर आजी म्हणाल्या, "बाय, त्या कागदात आमचं नावच नव्हतं, मग तू तो नेलास कशाला?"

मी गप्प झाले, कारण खरंच गरज नव्हती. तीन पिढ्या, ७५ वर्षांचा पुरावा मागतात तो आदिवासी नसलेल्या वननिवासींना. आजी कातकरी आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न एवढाच की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून त्या ती जमीन कसतायत का. आणि त्याला वयस्कर माणसाचा लेखी जबाब चालतो, बांध चालतो, थडगंसुद्धा चालतं, वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये आहे सगळं. हे मी शिबिरात दुसऱ्यांना शिकवते! जबाब माझ्या फाइलीत होताच की, पण मोडीच्या पानाखाली दबलेला, तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही.

परवा परत दळीवर गेलो. वरच्या अंगाला दगडाची ताल, म्हणजे बांध आहे, आजी आणि त्यांच्या मालकांनी रचलेली. मधले दगड शेवाळाने काळे पडलेत आणि एका ठिकाणी सांद्रीतून उगवलेल्या ऐनाचं खोड आता माझ्या दोन ओंजळीत मावत नाही. तालीच्या टोकाला सासऱ्यांना पुरलंय, तिथे शेंदूर लावलेला उभा दगड. शेजारच्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, समितीसमोर वाचून दाखवले, त्या ऐनाचं माप पंचनाम्यात घातलं.

नव्या फाइलीत पहिल्या पानावर त्या दगडाचा फोटो लावतेय. मोडीचं पान शेवटी ठेवू की काढूनच टाकू, ते मात्र अजून ठरत नाहीये.