स्लाइड-आउटचा वाकलेला रॉड आणि उद्यमनगर

दाजींच्या कॅरव्हॅनची बाहेर सरकणारी खोली, म्हणजे स्लाइड-आउट, तारकर्लीहून परत आल्यावर तिरकी अडकली. पुढचा कोपरा बाहेर, मागचा आत, आणि खालून लाल तेलाची धार. ज्याला त्याला एकच सल्ला सुचत होता, खोली ढकलणारा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, सिलेंडर बाहेरून मागवा. पण ज्या गावात ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्यांचे जॅक गल्लोगल्ली दुरुस्त होतात तिथं एवढ्याशा सिलेंडरसाठी महिनोन्महिने वाट बघायची हे मला पटेना.

आधी काय बिघडलं ते सांगतो. या गाडीत सिलेंडर एकच आहे, तो आपल्या रॉडनं पुढच्या रेलला ढकलतो आणि आडव्या शाफ्टवरच्या गिअरनं मागची रेल सोबत सरकते. मागच्या रॅकमध्ये, म्हणजे गिअर फिरतो त्या दातेरी पट्टीत, वाळू आणि चिखल घट्ट बसला होता, त्यात बारका खडा, तिथं गिअरची पिन तुटली. मागची बाजू जागच्या जागी, पुढून मात्र जोर चालूच. दीड इंच बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, सिलेंडरला १०० बार प्रेशर मिळालं तर साडेअकराशे किलोच्या वर ताकद तयार होते, आणि ती सरळ लागायला पाहिजे, आडवा भार आला की रॉड वाकणारच. वाकला, आणि जाताजाता ग्लँडमधलं, म्हणजे रॉड बाहेर येतो त्या तोंडावरच्या झाकणातलं, सील फाडून गेला. म्हणून नुसतं सील किट बदलून देतो म्हणणाऱ्याला मी नको म्हटलं, वाकडा रॉड नवीन सील परत खाणार.

खोलायच्या आधी खोलीखाली लाकडी ठोकळे आणि जॅक लावा, मग मॅन्युअल व्हॉल्व्ह उघडून प्रेशर सोडा. हे प्लीज कुणी टाळू नका. आणि लिकेज कधीही हातानं चाचपू नका, बारीक छिद्रातून प्रेशरनं आलेलं तेल कातडीच्या आत घुसतं, वरून टाचणी टोचल्यागत दिसतं पण थेट ऑपरेशनची वेळ येते. पुठ्ठा धरून बघायचं.

रॉड उद्यमनगरात, म्हणजे इथल्या वर्कशॉपच्या भागात, नेला. व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवून बाक मोजायचा डायल लावला तर बाक स्पष्ट दिसला. प्रेसवर सरळ करून देतो असं एकजण म्हणाला, पण सरळ करताना हार्ड क्रोमला, म्हणजे रॉडवरच्या टणक मुलाम्याला, बारीक तडे जातात आणि त्या तड्यांनी सील घासतं, त्यामुळं नवीन रॉडच करायचा ठरला. ट्रॉलीच्या जॅकांमुळं इथं हार्ड क्रोम केलेला रॉड लांबीवर तोडून मिळतो. गंमत पुढं आली, जुना रॉड १ इंचाचा म्हणजे २५.४ मिलीमीटर आणि मिळाला तो २५ चा. जुन्या ग्लँडमध्ये बसवला असता तर ०.४ चा ढिलेपणा राहून तेल गळत बसलं असतं. लेथवरच्या टर्नर मामांनी न सांगताच ते पकडलं, म्हणाले, "ग्लँड नवीन करूया, सील २५ चंच घालूया." किती मोठी गोष्ट आहे ही! कॅरव्हॅन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली असेल, पण सिलेंडर बघून त्यांना सगळं कळलं. बोअरला ओरखडा नव्हता, हलकं होनिंग, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं, पुरलं. पिस्टनचं सील मात्र इंची साइजचंच लागलं, ते शोधायला जरा पायपीट झाली.

बसवताना आधी दोन्ही रेल साफ करून गिअरला नवी पिन घातली, दोन्ही बाजूंचं माप टेपनं मोजून खोली चौकटीत सरळ आणली आणि मगच सिलेंडर जोडला. तेल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, टाकीवर लिहिलंय तेच, ब्रेक ऑइल चुकूनही नाही, त्यानं सीलं फुगतात. हवा काढायला खोली सावकाश पूर्ण बाहेर-आत केली. टाकीची लेवल खोली आत असतानाच बघायची, बाहेर असताना भरली तर आत घेताना तेल उतू जातं. बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा, पंप १२ व्होल्टवर चालतो आणि व्होल्टेज पडलं की मोटर कण्हायला लागते.

अजून एक, खोली आत घेताना रॉडची जाडी वजा होत असल्यामुळं त्याच प्रेशरला ताकद साडेसहाशे किलोच्या आसपासच उरते. म्हणून आत येताना अडकली की बटण दाबून धरू नका, लगेच सोडा आणि रेलमध्ये वाकून बघा. दाजींना मी आता रेल साफ करायला एक जुना ब्रश गाडीतच ठेवायला लावलाय, किनाऱ्यावरून निघताना खोली आत घ्यायच्या आधी तो फिरवायचा.